शेतातले पाणी वर जाते किती?



रहाटणी म्हटले की डोळ्यांपुढे रहाट येतो. पवनाकाठच्या या गावात आता रहाट नाहीत, मळ्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. तरी मोकळ्या तुकड्यात मेथी-कांदा करणाऱ्याला जुनाच प्रश्न पडतो : आज पाणी द्यायचे की उद्यावर ढकलायचे?

पिकाला दिलेले बरेचसे पाणी मातीतून आणि पानांतून वाफ होऊन जाते. साऱ्या जगात जमिनीवर पडणाऱ्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाणी असेच हवेत परतते. ही वाफ दिसत नाही, म्हणून तिचा अंदाज बांधावा लागतो. पुण्यात हवामान खात्याने शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाती दिला, तेव्हापासून आपल्याकडे या अभ्यासाला बळ आले.

वेधशाळेत चार फूट रुंद आणि दहा इंच खोल असे पाण्याचे गोल पात्र ठेवतात. रोज सकाळी पाणी किती उतरले ते पाहतात. वर तारेची जाळी असते, नाहीतर कावळे पाणी पिणार आणि ते पिकाच्या खात्यावर पडणार! जाळीनेही वाफ थोडी कमी होतेच. समजा, पात्रातले पाणी ८ मिलिमीटर उतरले. त्याला ०.७ ने गुणले तर हिरव्या रानातून ५.६ मिलिमीटर गेले असे धरतात. पण हा ०.७ काही दगडावरची रेघ नव्हे. पात्राभोवती हिरवळ आहे की करपलेली माती, वारा शांत आहे की सोसाट्याचा, यावर तो बदलतो. ०.६ धरला की उत्तर ४.८ येते. फरक ०.८ मिलिमीटरचा. ऐकायला किरकोळ, पण एकरी रोजचे सव्वातीन हजार लिटर झाले! आठ दिवसांच्या पाळीला पंचवीस हजारांवर जातात. एवढे पाणी उपसायचे, तेही रात्रीच्या विजेवर.

दुसरी रीत गणिताची. तापमान, हवेतला ओलावा, ऊन आणि वारा हे आकडे सूत्रात घालून वाफ काढतात. सूत्र चांगले आहे, पण आकडे कुठले? शिवाजीनगरची वेधशाळा रहाटणीपासून सुमारे दहा किलोमीटरवर. तिथला वारा इथल्या इमारतींच्या आडोशाला तसाच लागेल असे नाही, आणि तापलेल्या सिमेंटशेजारचे यंत्र ओल्या वाफ्यापेक्षा जास्त उष्मा दाखवणारच. शास्त्रज्ञांचेही तसेच होते. सूत्र एकच, पण हवामानाच्या नोंदी दोन ठिकाणच्या घेतल्या की उत्तरे दोन येतात. म्हणून जो ‘पाच ते सहा’ असे सांगतो, त्याच्यावर माझा भरवसा अधिक.

मोबाईलवरचा सल्ला जरूर वाचा. मात्र मोटार चालू करण्याआधी मुळांपाशी वीतभर खणा आणि माती मुठीत दाबा. काळ्या जमिनीत गोळा नीट वळला तर पाणी एक-दोन दिवस थांबवून पुन्हा पाहा. मुरमाड जमिनीत मात्र गोळ्याची वाट पाहू नका, तिथे ओल हाताला लागते का तेवढे बघा. कांदा काढणीला आला असेल तर पाणी तोडलेलेच बरे, मग आकडा काहीही सांगो.