न दिसणाऱ्या पिकाची मोजणी

शतपथब्राह्मणांत मनूची जी कथा आहे ती आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु जलप्रलय आणि नौका यांच्या गडबडींत तिच्या आरंभाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्यांतून मनूच्या हातांत एक लहानसा मासा येतो आणि माझें पालन कर म्हणून विनवितो. पालन कसें करावें हेंहि तोच सांगतो. मासे लहान असतात तोंवर त्यांचा फार संहार होतो, कारण मासाच माशाला गिळतो. तेव्हां प्रथम आपणांस घागरींत ठेवावें, तींत मावेनासें झाल्यावर खड्डा खणून त्यांत ठेवावें, आणि त्यांतहि मावेनासें झाल्यावर समुद्रांत सोडावें, म्हणजे मग आपणांस नाशाचें भय उरणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. राजनीतीच्या ग्रंथकारांनीं हाच विचार मात्स्यन्याय या नांवानें मनुष्यांच्या राज्यास लावला, आणि आपण शिकलों तो तेवढाच. त्या माशाचें बोलणें माशांसंबंधानें कितपत खरें आहे, हें पाहण्याचें आम्हांस उभ्या जन्मांत सुचलें नव्हतें. अलीकडे मत्स्यविज्ञानावरील कांहीं वाचन घडलें आणि ती घागर पुन्हा आठवली.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या पानांत मासा येत नाहीं, आणि ज्यांच्या पानांत येतो त्या सारस्वत बंधूंस त्याविषयीं आम्हीं कांहीं शिकवावें अशी आमची योग्यता नाहीं. तरीहि विषय घेतला, कारण येथें प्रश्न खाण्याचा नसून मोजण्याचा आहे. शेतकऱ्याचें पीक त्याच्या डोळ्यांसमोर उभें असतें; बांधावर उभें राहून आणेवारीचा अजमास करतां येतो. गवळी गोठ्यांत गाई मोजतो. कोळ्याचें पीक मात्र पाण्याखालीं असतें, तें एका जागीं राहत नाहीं, आणि जाळ्यांत येईल तेवढेंच दृष्टीस पडतें. मग समुद्रांत मासे किती आहेत व त्यांतील किती काढले असतां पुढील वर्षींहि तितकेच मिळतील, हें सांगावें कसें? आणि सांगणाराचें चुकलें तर त्याचें प्रायश्चित्त कोणी घ्यावें?

एके काळीं थोरथोरांसहि हा प्रश्न प्रश्नच वाटत नव्हता. टॉमस हक्स्ले हा डार्विनचा कैवारी आणि आपल्या काळचा मोठा प्राणिशास्त्रज्ञ. १८८३ सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनांत त्यानें असें मत दिलें कीं, कॉड, हेरिंग यांसारख्या समुद्रांतील मोठ्या मासळीचा सांठा बहुधा अक्षय आहे. मनुष्याच्या मासेमारीनें तींत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. त्या वेळच्या होड्या आणि जाळीं पाहतां हें म्हणणें अगदींच अविचाराचें नव्हतें. कॉडची मोठी मादी एका हंगामांत लक्षावधि अंडीं घालते. द्रौपदीच्या थाळीसारखाच हा प्रकार. तींतून वाढतां वाढतां कोण थकेल?

नॉर्वेच्या कोळ्यांचा अनुभव मात्र निराळा होता. कांहीं वर्षें हेरिंगनें होड्या ओथंबून येत, कांहीं वर्षें रित्या परतत. मासे रागावून दुसरीकडे गेले, अशीच समजूत होती. योहान यॉर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानें माशांचीं वयें तपासण्याचा उद्योग केला. माशाच्या खवल्यावर झाडाच्या बुंध्यांत असतात तशीं वर्तुळें असतात; उन्हाळ्यांत वाढ भरभर होते म्हणून तीं विरळ पडतात, हिवाळ्यांत दाट. कॉडसारख्या माशाच्या डोक्यांत, कानाच्या ठिकाणीं, चुन्याची एक लहानशी खडी असते, तिजवरहि वर्षांचा असाच लेख असतो. हजारों खवले पाहिल्यावर यॉर्टला दिसून आलें कीं, १९०४ सालीं जन्मलेली एकच पिढी वर्षामागून वर्षें जाळ्यांत येत आहे. १९१० सालीं पकडलेल्या हेरिंगपैकीं अर्ध्याहून कितीतरी अधिक त्या एका सालची निघाली. शाळेंत एकादे वर्षीं पहिलीचा वर्ग तुडुंब भरतो, तो दरसाल वरच्या इयत्तेंत चढत जातो, आणि त्याच्या पुढचेमागचे वर्ग ओस दिसतात, तशांतलाच हा प्रकार. या शास्त्रांत अशा पिढीस वर्गच म्हणतात, हें वाचून आमच्यासारख्या जुन्या मास्तरास गंमत वाटली.

पण वर्ग एकाच वर्षीं इतका कां भरतो? अंडीं तर दरवर्षीं अमाप पडतात. १९१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत यॉर्टनें असें अनुमान केलें कीं, सारा निकाल बाल्यांत लागतो. अंड्यांतून निघालेल्या पिलाजवळ बलकाची शिदोरी असते, आणि ती थोड्याच दिवसांत सरते. त्या सुमारास त्याच्या तोंडांत मावेल असें सूक्ष्म खाद्य पाण्यांत असेल तर तें जगतें. नसेल तर उपाशी मरतें, अथवा दुसऱ्याच्या पोटांत जातें. या अनुमानाची पुढें पुष्कळ छाननी झाली, त्यांत भर पडली, दुरुस्त्या झाल्या. तरी पिढीचें भवितव्य फार करून बालपणींच ठरतें, हा त्यांतील गाभा टिकून आहे. मनूच्या माशानें आपल्या लहानपणाविषयीं सांगितलें तें असें खरें ठरलें. मोठा होऊन समुद्रांत गेल्यावर भय नाहीं, हें जें तो म्हणाला त्याची हकीकत मात्र न्यूफाउंडलंडास जाऊन ऐकली पाहिजे.

न्यूफाउंडलंड हें अटलांटिक महासागराच्या पश्चिम अंगाचें थंड, खडकाळ बेट. १९४९ सालीं तें कॅनडांत सामील झालें. तेथील सगळा प्रपंच कॉडवर. ज्याच्या यकृताचें तेल लहानपणीं नाक दाबून पुष्कळांस पाजण्यांत आलें, तोच हा कॉड. १४९७ सालीं जॉन कॅबट तिकडून इंग्लंडास परतला तेव्हां त्याच्या सोबत्यांनीं सांगितलें कीं, तेथें टोपलीला दगड बांधून ती पाण्यांत सोडली तरी मासे भरून येतात. मिलानच्या ड्यूकच्या वकिलानें ही बातमी त्याच वर्षीं आपल्या धन्यास लिहून कळविली. पुढें साडेचारशें वर्षें गळ, सापळे, लहान होड्या यांनीं लोक मासे काढीत राहिले आणि समुद्र देत राहिला.

१९५० नंतर निराळींच जहाजें आलीं. तळावरून प्रचंड जाळें ओढावयाचें, मासा तेथेंच चिरावयाचा, तेथेंच गोठवावयाचा, अशी त्यांत सोय असे. नाना देशांचे ट्रॉलर तेथें जमले. १९६८ सालीं बेटाच्या ईशान्येकडील कॉडची पकड आठ लक्ष टनांवर गेली. तिच्या आधीं एवढी कधीं झाली नव्हती, नंतरहि झाली नाहीं. १९७७ सालीं कॅनडानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आपला अंमल बसविला, परक्या जहाजांस बहुतेक बाहेर घातलें, आणि आतां सांठा वाढणार या भरंवशानें आपला स्वतःचा तांडा वाढविला. मोजणीहि शास्त्रशुद्ध चालू झाली. या गणितांत कॅनडाचे शास्त्रज्ञ जगांत कोणास हार जाणारे नव्हते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील चूक अडाण्यांची नव्हे.

त्यांच्यापाशीं दोन मापें होतीं. एक सरकारी संशोधन-गलबताचें. तें दर शरदृतूंत समुद्राचे विभाग पाडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें जागा निवडून, ठराविक वेळ जाळें ओढी. मासे मिळोत वा न मिळोत. दुसरें माप व्यापारी ट्रॉलरांचें: तासाभराच्या ओढीला किती मासळी आली. पहिलें माप वर्षागणिक हेलकावे खाई, दुसरें मात्र भरदार दिसे. दोहोंची सांगड घालून सांठा वाढत असल्याचें सरकारास कळविण्यांत आलें. गोम अशी कीं, ट्रॉलर चिठ्ठ्या टाकून जात नाहीं. जेथें मासे आहेत तेथेंच जातो, आणि पाण्यांत ध्वनि सोडून थवे हुडकण्याचें यंत्र त्याच्याजवळ असतें. शिवाय कॉडची संख्या घटली म्हणजे तो सगळीकडे सारखा विरळ होत नाहीं. उरलेले एके ठिकाणीं दाटीनें जमतात. कोठींतील धान्य संपत आलें असतां उरलेलें झाडून एका कोपऱ्यांत लोटावें, त्या कोपऱ्यांतच माप बुडवावें, आणि दरवेळीं माप शिगोशीग भरतें म्हणून घरधन्यानें निश्चिंत असावें, तसें हें झालें.

किनाऱ्यावरील होडीवाल्यांस ही चैन नव्हती. त्यांना मासा शोधीत दूर जातां येत नसे. उन्हाळ्यांत कॅपलिन नांवाच्या बारीक मासळीमागें कॉड किनाऱ्याशीं येई, तेव्हां त्यांनीं तो धरावयाचा. तो येईनासा झाला, आला तो लहान येऊं लागला. त्यांनीं गाऱ्हाणीं केलीं. १९८६ सालीं त्यांच्या संघानें विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञांकडून स्वतंत्र तपासणी करविली, व सरकारी अंदाज फुगलेले आहेत असें तींत निघालें. तिचा उपयोग झाला नाहीं. ज्याच्या घरीं मासा आला नाहीं त्याचें सांगणें हें गाऱ्हाणें, आणि ज्याच्या जहाजांत आला त्याचें सांगणें हा पुरावा, असा न्याय तेथें लागला असें आम्हांस वाटतें.

१९८९ सालीं शास्त्रज्ञांनीं हिशेब पुन्हा मांडला आणि स्वतःची चूक स्वतःच काढली. कित्येक वर्षें सांठा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट धरला गेला होता. ठरलेल्या नियमानें चालावयाचें तर पकड १,२५,००० टनांवर आणावयास हवी होती. इतकी एकदम तोडली तर कारखाने बंद पडतील, गांवेंच्या गांवें उठतील, म्हणून मंत्र्यांनीं मर्यादा २,३५,००० टन ठेवली. त्या मंत्र्यांस दुष्ट म्हणणें सोपें आहे. आम्ही म्हणणार नाहीं. समोर उभीं असलेलीं माणसें मोजतां येतात, पाण्याखालचे मासे मोजतां येत नाहींत, आणि अशा वेळीं मोजतां येतें तिकडेच मनुष्याचें मन कलतें. पण गांवें उठण्याचें थोडेंच टळलें? १९९२ सालच्या जुलैच्या २ तारखेस मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनीं ही मासेमारी दोन वर्षांकरितां बंद केल्याचें जाहीर केलें. क्रॉस्बी स्वतः न्यूफाउंडलंडचेच. आदल्या दिवशीं बे बुल्स या गांवीं संतापलेल्या लोकांनीं त्यांना गांठलें, तेव्हां मासे कांहीं आपण पाण्यांतून काढले नाहींत, असें ते त्रासून बोलून गेले. सुमारें तीस हजार लोकांचा धंदा गेला. अंडीं घालण्याजोगे मासे पूर्वीच्या शंभरांतील एकाच्या आसपास उरले होते. पुढील दहा वर्षांत त्या प्रांताची लोकसंख्याच घटली. तरुण माणसें घरांना कुलपें लावून कामधंद्यासाठीं दूर निघून गेलीं.

दोष कोणाचा, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. त्या वर्षांत पाणी फार थंड होतें, म्हणून मासे मेले, असें कांहींचें म्हणणें. जेफ्री हचिंग्ज व रॅन्सम मायर्स यांनीं १९९४ सालीं जुने आंकडे तपासून अतिरिक्त मासेमारीवरच बोट ठेवलें. एवढें मात्र सर्वांस दिसलें कीं, १९९० नंतर कॅपलिनचाहि सांठा कोसळला, आणि खाद्यच गेल्यावर कॉडला सांवरणें कठीण झालें. उलट कोळंबी व खेकडे वाढले. कांहीं वर्षांत त्यांचें उत्पन्न कॉडच्या जुन्या उत्पन्नाच्या वर गेलें. एक मासा काढला म्हणजे त्याची तेवढी जागा रिकामी राहते असें समुद्रांत होत नाहीं.

दोन वर्षांची बंदी मधूनमधून थोडी सैल झाली, पण उठली ती २०२४ च्या जूनमध्यें, बत्तीस वर्षांनीं. आणि त्या वर्षापुरती मर्यादा ठरली १८,००० टनांची. तीहि वादावांचून नाहीं. २०२३ सालीं शास्त्रज्ञांनीं १९५४ पासूनचे आंकडे घेऊन गणिताची रीत बदलली, आणि ज्या रेषेखालीं सांठा धोक्यांत समजावयाचा ती रेषाच खालीं आली. मासे आदल्या दिवशीं होते तितकेच होते; कागदावर ते धोक्याच्या रेषेवर आले. नवी रीत अधिक बरोबर असेलहि. परंतु ज्यांनीं एकदां पोळून घेतलें आहे त्यांच्या मनांत पाल चुकचुकणारच.

आपल्या किनाऱ्याचें काय, असें वाचक विचारतील. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांस बंदी असते, व नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ देण्याचा कोळी बांधवांचा परिपाठ तिच्याहून कितीतरी जुना आहे. महाराष्ट्रानें २०२३ सालीं पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून तिच्याहून लहान मासा पकडण्यास मनाई केली. लहानपणीं सांभाळ, एवढीच मनूच्या माशाची मागणी होती. ती सरकारी राजपत्रांतून पुन्हा आली म्हणावयाची. मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचीं गलबतें समुद्रांत जाऊन जाळें टाकून पाहतात. तथापि आपल्याकडील मोजणीचा मुख्य भार किनाऱ्यावरच आहे. १९४७ सालीं स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, जिचें ठाणें आतां कोचीस आहे, ती आपलीं माणसें बंदरोबंदरीं पाठविते. नमुन्यादाखल दिवस व होड्या निवडून तीं माणसें उतरलेल्या मासळीचा अंदाज घेतात, कांहीं मासे निवडून पट्टीवर त्यांची लांबी मोजतात, आणि तांडेलाजवळ उभें राहून आणखी एक गोष्ट विचारून लिहून घेतात: जाळें किती तास पाण्यांत होतें, आणि एवढ्या मासळीसाठीं या खेपेस किती लांब जावें लागलें.