तिजोरीत राहिलेला चित्रपट

बँकेत असताना तारणाच्या वस्तूंचे मूल्य ठरविणे हे माझे नित्याचे काम होते. त्यामुळे संग्राहक मंडळी एखाद्या वस्तूला मोल कशावरून देतात, हे कुतूहल निवृत्तीनंतरही सुटलेले नाही. जुन्या अमेरिकी ‘वेस्टर्न’ चित्रपटांचेच पाहा. ‘हाय नून’ किंवा ‘शेन’ कोठेही मिळतात. जाणकार संग्राहक मात्र शोधतात ते दिग्दर्शक बड बेटिकर याने रँडॉल्फ स्कॉटला घेऊन १९५६ ते १९६० या काळात केलेले, जेमतेम सव्वा तासाचे, बेताच्या खर्चातले चित्रपट.

त्यांतला पहिला ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’. जॉन वेनच्या बॅटजॅक संस्थेने तो काढला. आंद्रे बाझां या फ्रेंच समीक्षकाने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पुढे मात्र तो कित्येक वर्षे जणू तिजोरीतच राहिला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठीय चित्रपट-संग्रहालयाने जीर्णोद्धार केल्यावर २००० साली तो पुन्हा पडद्यावर आला आणि २००५ साली त्याची तबकडी निघाली. माल मुबलक झाला की भाव उतरतो, हे आपणा व्यापारी वाचकांना मी काय सांगावे! पण केवळ दुर्मिळतेसाठी जमविणारा साठेबाज; खरा संग्राहक त्या दिवशी आनंदलाच असेल.

भाच्याने पाठविलेली ती तबकडी मी दोनदा पाहिली. निवडणुकीत शेरीफपद गमावलेला नायक अभिमानापोटी दुय्यम शेरीफची जागा नाकारतो. संसारासाठी पत्नी वेल्स फार्गोच्या कचेरीत नोकरी धरते आणि तेथील दरोड्यात प्राणास मुकते. तो सात दरोडेखोरांच्या मागावर निघतो. परंतु हिशेबातली सर्वांत मोठी नावे-बाजू स्वतःच्याच खात्यावर आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते. खलनायक ली मार्विन इतका मिठ्ठास बोलतो की, कर्ज मागायला आला असता तर मीही क्षणभर फसलो असतो! शेवटी सोन्याची पेटी उघड्या माळावर, खडकांच्या मधोमध ठेवलेली आणि दोघे समोरासमोर. पार्श्वसंगीताचा गाजावाजा नाही, लांबलचक संवाद नाहीत.

सोने ज्याचे त्याला परत करावयास निघताना नायक सहज सांगून जातो, की आता तो दुय्यम शेरीफची नोकरी पत्करणार आहे. तीच, पूर्वी नाकारलेली.