नकाशात वाडी कुठे आहे?

मी नकाशांचं सॉफ्टवेअर लिहिते. नोकरी पुण्यात, माहेर पोलादपूर तालुक्यातलं कापडे. पोलादपूरहून उमरठला, तानाजी मालुसऱ्यांच्या गावाला जाणारा रस्ता आमच्याकडून जातो, ही आमची बाहेरच्यांना सांगायची खूण. सरकारी संगणकात खूण चालत नाही, तिथे कोड लागतो. आपल्याकडे महसुली गावाला कोड आहे, त्याखालच्या वाडीला सर्वांनी मानलेला कोड नाही. आणि कोकणात माणूस राहतो वाडीत.

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळल्याचं देशभर छापून आलं. कोसळली ती तळियेच्या कोंढाळकरवाडीवर. त्याच दिवशी आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी गाडली गेली. सुतारवाडी रोहा तालुक्यातही आहे, आणि तीच जास्त प्रसिद्ध आहे. रात्री फोनवर नुसतं ‘सुतारवाडी’ ऐकणाऱ्याने कोणती समजायची? पुढे 19 जुलै 2023 ला खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, तेव्हा ती दरडप्रवण ठिकाणांच्या यादीतच नव्हती, असं विधानसभेत सांगितलं गेलं.

हे कसं होतं? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे 1:50,000 या प्रमाणात केले आहेत. त्यात कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. दीडशे मीटरवर पसरलेली वाडी 3 मिलिमीटरमध्ये मावते. डोंगररांगेचा धोका ओळखायला असे नकाशे फार मोलाचे आहेत. पण त्यांवरून यादी करताना आपण गावाचं नाव लिहितो आणि गावातल्या सगळ्या वाड्यांचा धोका एका ओळीत मिसळून टाकतो. कड्याखालची वाडी आणि नदीकाठच्या सपाटीवरची वाडी, दोघींना नोटीस एकच. दर पावसाळ्यात ती येते, बहुतेकांचं काही बिघडत नाही, आणि मग ज्यांनी खरोखर उठायला हवं तेही घर सोडत नाहीत. लोक हट्टी आहेत असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लोकांना नेमकं सांगतं कोण?

वाड्यांची नोंद कुठेच नाही, असंही नाही. ग्रामसडक योजनेची नकाशा-माहिती, वस्त्यांसकट, केंद्र सरकारने 2022 मध्ये सर्वांसाठी खुली केली. ते फार चांगलं पाऊल होतं. पण रस्त्याची यादी वेगळी, नळपाणी योजनेची वेगळी, मतदारयादीतली वेगळी. स्वामित्व योजनेतलं ड्रोन मोजणी करतं ती मुख्यतः गावठाणाची, आमच्याकडची घरं तर गावठाणाबाहेर उतारांवर विखुरलेली. आमचंच नाव रोमन लिपीत कुणी मधे ‘ए’ घालून लिहितं, कुणी न घालता. बुद्रुक-खुर्द कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर, कधी गायब. वाचणाऱ्या माणसाला हे एकच गाव असल्याचं कळतं, संगणक मात्र प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं गाव करतो. एकच कायम कोड असेल, तर नाव कुणी कसंही लिहो, नोंदी जुळतात.

जागेचंही तसंच. जुन्या टोपोशीट (भूरूप नकाशे) अक्षांश-रेखांश मोजायच्या ज्या एव्हरेस्ट पद्धतीवर बेतल्या, ती आजच्या जीपीएसच्या पद्धतीपेक्षा वेगळी. रूपांतर न करता जुना बिंदू नव्या नकाशावर ठेवला, तर आपल्या भागात तो शंभर मीटरहून जास्त सरकतो. तेवढ्यात घर ओढ्याच्या या तीरावरून त्या तीरावर जातं. त्याहून साधी गोष्ट: 2016 मध्ये ठरलेल्या जिओजेसन या नकाशा-माहितीच्या मानकात आधी रेखांश लिहितात, मग अक्षांश; फोनवरच्या नकाशात बहुधा उलटं. आमचं गाव अंदाजे 18 अक्षांश, 73.5 रेखांशावर आहे. आकडे उलटे वाचले गेले तर कापडे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतं. एवढी मोठी चूक लगेच दिसते, दुरुस्त होते. शंभर मीटरची दिसत नाही, म्हणून मला तिची जास्त भीती वाटते.

त्यामुळे आपत्तीनंतर कुणी नवं अॅप जाहीर केलं की माझं समाधान होत नाही. त्याआधी वाडीच्या नोंदीचा नमुना ठरवा: महसुली गावाच्या कोडला जोडलेला वाडीचा कोड, लोक घेतात ते नाव देवनागरीत, दुसरं नाव असेल तर तेही, बिंदू, तो कोणत्या पद्धतीतला, कधी आणि कुणी मोजला. पुनर्वसन झालं तर जुनी नोंद पुसायची नाही, तिला शेवटची तारीख लावायची. 2005 च्या जुलैतल्या दरडींत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवतेचं काय झालं, हे नकाशातून नाहीसं होता कामा नये. पुढे त्या उतारावर घर बांधू पाहणाऱ्याला ते दिसायला हवं.

1 मेच्या ग्रामसभेत ही यादी मोठ्याने वाचावी. कुठली वाडी राहिली, कुठल्या वाडीवरचं पाणी यंदा फिरलं, हे तिथले लोक जागच्या जागी सांगतील, आणि पावसाआधी महिनाभराचा वेळ हाताशी राहील. पोलादपूर तालुका लहान आहे, सुरुवात इथून होऊ शकते. पुण्या-मुंबईत संगणकावर काम करणारी आमच्या खोऱ्यातली पुष्कळ मुलं-मुली आहेत. जिल्हा प्रशासनाने नमुना ठरवायला बोलावलं तर मी येईन, आणि येताना त्यांतल्या काहींना बरोबर आणीन.