खुब्याची वही

दिवाळीत पेढीपेढीवर वहीपूजन होते. पैपैचा हिशेब जपणाऱ्या आपल्या समाजाला मी विचारतो: माणसाच्या देहात बसवलेल्या सांध्याची वही कोणी ठेवायची?

नंदुरबार जिल्ह्याकडे पाहून मी हे विचारतो. तेथील भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार पुष्कळ. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून मरतो. म्हातारपणी झिजावा तो खुबा ऐन पंचविशीत निकामी होतो. मग कृत्रिम सांधा येतो. त्यात कठीण गोळा, आणि बहुधा प्लॅस्टिकची वाटी. रोगी चालू लागतो. आपण म्हणतो, प्रकरण मिटले.

ते मिटत नाही! पावलापावलागणिक वाटी झिजते. तिचे बहुतेक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. मग या पेशी असा काही क्षोभ माजवतात की सांध्याभोवतीचे हाडच विरघळू लागते. यातली खरी मेख अशी की पुष्कळ हाड जाईपर्यंत दुखतही नाही. कळते ते क्ष-किरण चित्रात!

इंग्लंडात जॉन चार्न्ले यांनी 1958 साली टेफ्लॉनची वाटी बसवली. ती थोड्याच वर्षांत झिजली. रोग्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासल्यामुळेच त्यांना ते कळले, आणि 1962 साली त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिथिलीन आणले.

कोणी म्हणेल, आता किरणोत्साराने कणखर केलेले नवे प्लॅस्टिक आहे, त्याची झीज फार कमी. कबूल! पण फार कमी म्हणजे शून्य नव्हे. सत्तरीच्या आजोबांना वीस वर्षे पुरणारी वाटी पंचविशीच्या पोराला पन्नास वर्षे पुरेल, ही हमी कोण देतो? आणि ज्यांच्या देहात जुनीच वाटी आहे, त्यांचे काय?

2010 साली एएसआर नावाचे धातूचे सांधे जगभरातून परत मागवले गेले. आपल्या देशात ते बसवलेल्यांचा शोध घेऊ लागल्यावर हजारोंचा पत्ताच लागेना. मग धडगावच्या डोंगरातला, ऊसतोडीला गुजरातेत जाणारा गडी कोणाला सापडणार?

स्वीडनने 1979 पासून खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. कोणता सांधा किती टिकतो, हे तिच्यातून कळते. आपल्याकडेही नोंद सक्तीची हवी. शस्त्रक्रिया नंदुरबारला होवो, नाशिकला होवो की सुरतेला. सांध्याचे नाव, क्रमांक आणि तारीख रोग्याच्या हाती मराठीत लिहून द्या. त्याची प्रत जिल्हा रुग्णालयात ठेवा. ठराविक मुदतीने क्ष-किरण तपासणी फुकट करा, आणि तो आला नाही तर आशाताईंकरवी निरोप धाडा.

यात उपकार कसला? दुकानदारसुद्धा उधारीचे गिऱ्हाईक विसरत नाही. ज्याच्या हाडात आपण आपली वस्तू ठेवली, त्याला विसरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?