पांढऱ्या गुलाबाच्या वासाला भाव कोण देणार?



शेतकी खात्याने गुलाबावर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु अलीकडे गट ऑफिसवर लागणीच्या नोंदीला येणारी तरुण मंडळी उसाइतकेच फुलांचे विचारू लागली आहेत. "साहेब, खोडवा मोडायचाच आहे, तर दहा गुंठ्यात पांढऱ्या गुलाबाचे पॉलिहाऊस टाकू का? कल्याणला माल लगेच उठतो म्हणतात." असा प्रश्न आला की हो किंवा नाही म्हणून मोकळे होणे सोपे असते. आम्हाला तसे करायचे नाही. पांढरा गुलाब चांगलाच आहे. पण कोणता पांढरा, कोणत्या बाजाराला आणि किती, याचा विचार न करता कर्ज काढणे आम्हाला मान्य नाही.

प्रथम बाजाराचे पाहू. आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड आणि कल्याण हा आपला नेहमीचा रस्ता. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. सायंकाळी भरलेला टेम्पो रात्रीतून कल्याणच्या बाजार समितीच्या फूल मार्केटला लागतो. तेथून माल डोंबिवलीला जातो, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जातो, आणि उरला तर दादर आहेच. या पट्ट्यातील गिऱ्हाईक कोण? नोकरदार माणूस, रोज देवपूजा करणारा, आठवड्यातून एकदा तरी घरात फूल नेणारा. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि तिचे लोण सगळीकडे पसरले, त्या दिवशी तेथे फुलांचा खप काय असतो हे वेगळे सांगायला नको. दसरा-दिवाळीचा झेंडू, मार्गशीर्षातले गुरुवार, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारे लग्नाचे हंगाम, नाताळ, महाशिवरात्र. शंकराला पांढरे फूल चालते, ख्रिस्ती लग्नात पांढराच गुच्छ लागतो. पांढऱ्या फुलाला मागणी नाही असे कोणी म्हणू नये.

आता याच गिऱ्हाइकाची एक गंमत पाहा. मोगऱ्याचा गजरा घेताना बाई आधी तो नाकाला लावते. सोनचाफा दोन-चार फुलांच्या पुडीत विकला जातो, तो केवळ वासावर. निशिगंधाच्या नावातच गंध आहे. म्हणजे ठाणे-कल्याणचा माणूस वासाचे पैसे देतो, आनंदाने देतो आणि पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे. तोच माणूस पांढऱ्या डच गुलाबाची जुडी घरी नेतो, सवयीने नाकाशी धरतो, आणि काही नाही! कागदाचा वास घ्यावा तसे. पुढच्या वेळी तो म्हणतो, मग प्लास्टिकचे काय वाईट? कृत्रिम फुलांविरुद्ध फूल उत्पादकांची ओरड मोठी आहे, २०२५ साली तो विषय विधानसभेतही गाजला, आणि ती ओरड रास्तच आहे. पण आमच्या मते खऱ्या फुलाने स्वतःचा वासच सोडून दिला तर प्लास्टिकशी त्याचे भांडण अर्धे हरल्यासारखेच आहे.

वास गेला कसा? पांढऱ्या रंगाचा यात दोष नाही. रंग आणि गंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुलाबाच्या पाकळीत जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, फेनिल इथेनॉल अशी उडून जाणारी द्रव्ये तयार होतात, त्यांचा मिळून वास होतो. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जिरॅनिऑल तयार होण्यात पाकळीतले एक विशिष्ट विकर महत्त्वाचे आहे, आणि बिनवासाच्या जातींत त्याचे काम फार मंद चालते. म्हणजे कारखाना आहे, पण मिल बंद.

आणि बिनवासाचा पांढरा गुलाब ही आजचीच गोष्ट आहे असेही नाही. जर्मनीत १९०१ साली पेटर लाम्बर्टने 'फ्राऊ कार्ल द्रुश्की' ही जात काढली, शुभ्र पांढरी, मोठ्या फुलाची, जगभर गाजलेली, पण वास जवळजवळ शून्य. पुढे १९६३ साली बेल्जियममध्ये निघालेली 'पास्काली' फुलदाणीत चांगली टिकणारी म्हणून नावाजली, तिचाही वास हलकाच. उलट १९६५ साली अमेरिकेत निघालेला 'जॉन एफ. केनेडी' हा हिरवट झाक असलेल्या कळीचा पांढरा गुलाब सुवासिक आहे, आणि २००६ सालचा 'पोप जॉन पॉल दुसरे' या नावाचा पांढरा गुलाब तर वासासाठीच प्रसिद्ध आहे, लिंबासारखा ताजा वास. तेव्हा पांढरा, मोठा आणि वासाचा गुलाब होऊ शकतो. आपल्या देशातही गव्हाचे थोर पैदासकार डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्या कितीतरी जाती काढल्या. त्यांतली १९६८ सालची पांढरी जात त्यांनी डॉ. होमी भाभांच्या नावे केली. ठाण्याच्या खाडीकाठी ट्रॉम्बेला ज्यांनी अणुशक्तीचे केंद्र उभे केले, त्यांना बागांचाही तितकाच नाद होता.

मग पॉलिहाऊसमधून वास हद्दपार का झाला? याचे उत्तर उसवाल्याला चटकन समजेल. आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. एखाद्या सभासदाने जीव लावून गोड ऊस पिकवला, तरी त्याला वेगळा दर नाही, पैसे टनावर. म्हणून टनेज देणारी फुले २६५ शेतकऱ्याला हवी असते आणि उतारा देणारी को ८६०३२ कारखान्याला हवी असते, हा वाद आपण दरवर्षी लागण हंगामात ऐकतो. गुलाबाचेही तेच झाले. त्याची प्रतवारी दांड्याच्या लांबीवर होते, ४० सेंटिमीटर, ५०, ६०, ७०. कळीचा आकार, दांडा सरळ आहे का, फूल दहा-बारा दिवस टिकते का, एवढेच पाहतात. वासाचा रकानाच नाही. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते पैदासकार कशाला जपेल? जाड पाकळीची, टिकाऊ, प्रवासाला कणखर अशी रोपे निवडता निवडता वास मागे पडला. सुवासिक जाती बहुधा मऊ पाकळीच्या असतात आणि लवकर उमलून चार-पाच दिवसांत झडतात, हे खरे. पण वास आणि टिकाऊपणा एकत्र येऊच शकत नाहीत असे काही निसर्गाने लिहून ठेवलेले नाही.

ही मोजपट्टी आली कोठून? परदेशी निर्यातीतून. तळेगाव-मावळ भागाने डच गुलाबात नाव काढले, व्हॅलेंटाइनच्या सुमारास तेथून माल परदेशी जातो. विमानाने जाणाऱ्या फुलाला घट्ट कळी, लांब दांडा, शीतगृह हे सर्व लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कल्याणला एका रात्रीत जाणाऱ्या फुलालाही तीच पट्टी लावायची, हे आम्हाला पटत नाही. घट्ट कळीला वास नसतो. गुलाब अर्धवट उमलला, सकाळचे ऊन चढू लागले की वास सुटतो. थंडीत ठेवलेल्या फुलाचा वास दबतो. घट्ट कळी तोडून, थंड खोलीत ठेवून, कागदात गुंडाळून विकायची, आणि मग वासाला गिऱ्हाईक नाही म्हणायचे, हा कोणता न्याय? त्याला वास घ्यायची संधी दिली कोणी?

म्हणून आमचे म्हणणे असे. दूरचा बाजार दूरवाल्यांना लखलाभ. आपल्या सभासदाने पांढरा गुलाब करायचाच असेल, तर जवळच्या बाजाराला, वासाचा म्हणून, दोन-तीन पाकळ्या सुटलेल्या अवस्थेत तोडून विकण्यासाठी करावा. तळेगावची नक्कल करून, त्यांच्याच जातीची रोपे आणून, त्यांच्याच बाजारात त्यांच्याशी झुंजायला जाऊ नये. नव्या परदेशी जातीच्या प्रत्येक रोपामागे रॉयल्टी भरावी लागते, पॉलिहाऊसमध्ये चौरस मीटरला सहा ते आठ रोपे बसतात, म्हणजे दहा गुंठ्यांना सहा ते आठ हजार रोपे. शिवाय सांगाडा, कागद, ठिबक, फॉगर. वादळाने कागद फाटला की नवा. पॉलिहाऊसच्या कर्जात रुतून बसलेले शेतकरी महाराष्ट्रात थोडे नाहीत, त्यांच्या शेतातले गंजके सांगाडे रस्त्यावरूनही दिसतात. उसाला निदान दराची कायद्याने हमी आहे, गाळपाला वेळ लागला तर ऊस महिनाभर उभा राहतो, वजनात मार खातो पण राहतो. फूल एक रात्र थांबत नाही. पावसाळ्यात माळशेजला दरड आली की टेम्पो घाटातच अडकतो आणि सकाळी मालाची कचऱ्याच्या भावाने वासलात लागते.

पांढऱ्याचे स्वतःचेही काही नखरे आहेत, ते ऐकून घ्यावेत. लाल गुलाबावर जे खपते ते पांढऱ्यावर खपत नाही. फुलकिडे पांढऱ्या आणि फिकट फुलांकडे जास्त ओढले जातात, त्यांनी खरवडलेल्या पाकळीची कड तपकिरी पडते. ढगाळ, दमट हवेत राखाडी बुरशी लागली की पांढऱ्या पाकळीवर गुलाबी ठिपके उठतात आणि व्यापारी जुडी हातात घेऊन नुसता हसतो. हाताळणीत बोट जोरात लागले तरी डाग. कडक थंडीत काही जातींच्या बाहेरच्या पाकळीवर गुलाबी झाक येते, तो मात्र रोग नव्हे. उन्हाळ्यात फूल लहान होते आणि पाकळ्या कमी भरतात.

आणि जमीन! हा मुद्दा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. गुलाबाला किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन लागते, सामू साडेपाच ते साडेसहा. आपल्या उसाच्या काळ्या जमिनींचा सामू आठच्या घरात आणि त्यात चुनखडी. अशा जमिनीत गुलाबाची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, लोह मिळत नाही. म्हणूनच पॉलिहाऊसवाले लाल माती बाहेरून आणून गादीवाफे भरतात. "ऊस चांगला येतो म्हणजे काहीही येईल" हा हिशोब येथे चालणार नाही. विहिरीचे पाणी मचूळ असेल त्याने तर नादच सोडावा.

तरीही ज्याच्याकडे माळाची तांबूस, निचऱ्याची पाच-दहा गुंठे जागा आहे, गोडे पाणी आहे, घरात पहाटे उठणारी दोन माणसे आहेत, त्याने उघड्यावर किंवा साध्या शेडनेटखाली थोडी सुवासिक पांढरी झाडे लावून पाहायला आमची हरकत नाही. ऊस मोडून नव्हे, उसाच्या कडेला. ज्यांची रॉयल्टी संपली आहे अशा जुन्या सुवासिक जाती यासाठी बऱ्या. दसऱ्याच्या सुमारास छाटणी केली की साधारण ४५ ते ५० दिवसांनी, म्हणजे मार्गशीर्षाच्या आगेमागे फुले सुरू होतात. पावसाने डागाळण्याचा धोका तोवर सरलेला असतो आणि लग्ने, नाताळ हाती लागतात. तोडणी उन्हे उतरल्यावर किंवा भल्या पहाटे, आणि दांडा तोडल्याबरोबर बादलीतल्या पाण्यात. फूल आधी खाटेवर पसरून मग सावकाश पाण्यात टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तिने निम्मे आयुष्य तिथेच जाते. हे रोजचे काम आहे आणि ते नेमके गाळप हंगामात येते. टोळी फडात, गाडीवान दारात आणि फुले बादलीत, अशी घरच्या बाईची तारांबळ होणार, याचाही विचार पुरुष मंडळींनी आधी करावा.

विक्रीबाबत एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. एकट्याने दोन जुड्या नेऊन वासाचा भाव मागितला तर दलाल ऐकणार नाही. तो त्या ४० सेंटिमीटरच्या ढिगात टाकून मोकळा होईल. आठ-दहा जणांनी एकत्र यावे, एकच जात लावावी, जुडी वीसऐवजी सहा किंवा दहा फुलांची बांधावी, तीही अर्धवट उमललेल्या फुलांची. लिलावाच्या ढिगात न टाकता डोंबिवली-ठाण्याच्या गुच्छवाल्यांशी, हार-गजरेवाल्यांशी आठवड्याचा ठराव करावा. सोनचाफ्याची पुडी ज्या हाताने विकली जाते त्याच हाताने हा गुलाब विकला गेला पाहिजे. सहकाराने साखर विकली, दूध विकले. फुलाच्या जुडीला सहकार चालणार नाही असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही.

बाजार समित्यांनीही सुवासिक गुलाबाची प्रतवारी वेगळी पुकारली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लांबीची पट्टी असू द्या, पण तिच्याशेजारी नाकालाही जागा द्या.

या हंगामात कोणाचा विचार असेल तर त्यांनी रोपांची आगाऊ रक्कम कोठेही भरण्यापूर्वी माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. मातीचा नमुना एक फूट खोलीपर्यंतचा, शेतातल्या चार-पाच ठिकाणचा मिसळून, आणि पाणी स्वच्छ बाटलीत लिटरभर आणावे. अहवाल घेऊन गट ऑफिसवर यावे, मग बसून बोलू.