पगाराची बोलणी : ‘जे द्याल ते चालेल’ म्हणणं आता परवडणारं नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती मुख्यतः कारखान्यांची आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलांची. पण भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या ज्या घरांतली मुलं-मुली पुण्यातल्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात, त्यांच्या नेमणूकपत्राशीही या संहितांचा थेट संबंध आहे. विशेषतः सात-आठ वर्षं काम करून जे आता सीनियर सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागेसाठी मुलाखती देत आहेत, त्यांनी हा बदल समजून घ्यायला हवा.

आपण गप्प का बसतो?

सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की मुस्लिम समाजात नियमित पगारी नोकरी करणारे कमी आणि स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त. त्यामुळे दुकानात, गॅरेजमध्ये, बाजारात दर ठरवायला आपण कमी पडत नाही. पगाराची बोलणी कशी करायची, हे सांगणारं मात्र घरात बहुधा कुणी नसतं. मग एचआरने आकडा विचारला की तोंडातून निघतं, ‘जे द्याल ते चालेल.’

पैशाचं बोलणं म्हणजे हाव, असंही अनेकांना वाटतं. पण आपल्या फिकहमध्ये इजाऱ्याचा, म्हणजे मोबदल्यावर काम करण्याचा करार नीट व्हायचा तर काम आणि मोबदला दोन्ही आधीच स्पष्ट ठरलेले असावे लागतात. संदिग्धता ठेवणं ही काही सज्जनपणाची खूण नव्हे.

आकड्याच्या आत काय आहे?

समजा, वर्षाला १८ लाखांची ऑफर आली. घरी सगळे महिन्याला दीड लाख धरतात. आता त्यातले १५ टक्के ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे कंपनीच्या आणि स्वतःच्या कामगिरीवर अवलंबून. मूळ पगार निम्मा, ९ लाख. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्याच १८ लाखांत मोजलेली. शिवाय आपल्या वाट्याचा पीएफ कापला जातो. हातात उरतात आयकराआधी महिन्याला साधारण १ लाख ६ हजार.

तोच पीएफ १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवर कापला, तर हातात साधारण १ लाख २० हजार येतात. पण पीएफ खात्यात महिन्याला १८,००० ऐवजी ३,६०० च जमतात. कोणता पर्याय बरा, हे घराच्या गरजेवर ठरेल. सही करण्याआधी विचारायला मात्र हवं.

नव्या संहितेने ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे मूळ पगार नावापुरता ठेवून ग्रॅच्युइटी कमी करणं अवघड झालं. ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, आणि नोकरी सोडल्यावर वेतनाची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची आहे.

कशाच्या जोरावर मागायचं?

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी एकेक मशीन पुन्हा उभं करणारे हेच लोक होते. म्हणून बोलणीत ‘माझा अनुभव आठ वर्षं’ एवढ्यावर थांबू नका. किती सर्व्हर सांभाळले, बॅकअपमधून डेटा परत आणून दाखवला का, रात्री बंद पडलेली यंत्रणा किती वेळात सुरू केली, हे सांगा.

ऑन-कॉलचं वेगळं विचारा. महिन्यातले किती आठवडे, रात्री उठावं लागलं तर भत्ता की बदली सुट्टी? भोरहून हिंजवडी एका बाजूने साठ किलोमीटरच्या वर. कापूरहोळ, खेड-शिवापूरचा टोल, नवले पूल पार करत रोज जायचं तर तीन-चार तास रस्त्यातच जातात. वेल्ह्याकडून आणखी लांब. तेव्हा आठवड्यातले घरून कामाचे दिवस पत्रात लिहून घेणं, हे पगारवाढीइतकंच मोलाचं आहे. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या इंटरनेट जोडणीचा खर्चही मागता येतो. रात्रपाळीला जाणाऱ्या मुलींसाठी घरपोच गाडीची अट तर आधीच बोलावी.

बाजार सध्या थंड आहे, हेही खरं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं. अशा वेळी आकडा फार हलणार नाही. पण व्हेरिएबलचा काही भाग निश्चित पगारात आणणं, नोटीस ९० दिवसांऐवजी ६० दिवसांची करणं, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार लेखी घेणं, हे मागता येतं. नसलेली दुसरी ऑफर दाखवून दबाव मात्र आणू नका; खोटं उघडं पडलं तर हातची नोकरीही जाते.

पालकांनाही एक विनंती. नोकरी लागली की ‘पॅकेज किती?’ एवढंच विचारू नका. हातात किती येणार, रात्रीचं काम किती, आणि हे सगळं कागदावर आहे का, एवढं विचारा. नेमणूकपत्र घरात एकदा मोठ्याने वाचा आणि मगच सही होऊ द्या.