लेबलावर गावाचं नाव

दिवाळीत निफाडला बहिणीकडे होते. भाचा लिऑंहून आला होता. कपड्यांत गुंडाळून आणलेली बाटली त्याने टेबलावर ठेवली आणि दाजींनी चष्मा लावून लेबल वाचायला घेतलं. ‘शातोनफ-दु-पाप’ मोठ्या अक्षरांत, मग वर्ष, मग बागायतदाराचं नाव. काचेतच उठवलेला पोपचा मुकुट आणि किल्ल्या. दाजींची तीस वर्षं द्राक्षबागेत गेली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “जात कोणती रे?” बाटली मागून-पुढून पाहिली. जात कुठेच लिहिलेली नव्हती.

फ्रेंच वाइनची ओळख या प्रश्नापासूनच करून घ्यावी, असं मला वाटतं. तिथल्या बहुतेक नावाजलेल्या बाटल्यांवर गाव असतं, जात नसते. गाव कळलं की जात कळते, कारण त्या गावाच्या नावाने विकायचं तर कोणत्या जाती लावायच्या हे कायद्याने ठरलेलं आहे. शाब्ली म्हणजे शार्दोने. वूव्रे म्हणजे शेनिन ब्लां. बोजोलेची लाल वाइन म्हणजे गामे. जळगावचं भरीत म्हटल्यावर वांगं कोणतं, हे खानदेशी माणसाला विचारावं लागतं का? ठळक अपवाद अल्सासचा. जर्मनीला लागून असलेल्या त्या प्रांतात रिसलिंगसारखी जातींची नावं लेबलावर सरळ लिहितात.

गाव आणि जात यांची गाठ मातीने घातलेली आहे. बोर्दोला जिरोंदच्या डाव्या काठावर खडीची जमीन आहे. ती पाणी धरत नाही आणि दिवसाची ऊब साठवते, म्हणून उशिरा पिकणारं काबेर्ने सोव्हिन्यों तिथे पुरतं पिकतं. उजव्या काठाकडच्या थंड चिकणमातीत लवकर पिकणारं मर्लो लावतात. दोन्हींकडे जातींचं मिश्रण करायची रीत आहे. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव पाहून बोर्दोच्या बागांची प्रतवारी लावली, ती आजही चालते. पहिल्या श्रेणीत त्यानंतर भर पडली ती एकदाच, 1973 मध्ये.

बर्गंडीत मिश्रण फारसं नाही. लाल म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने. इथल्या ड्यूकने 1395 मध्ये गामेच्या वेली उपटून टाकायचा हुकूम काढला होता, इतकी जातीची काळजी. सिस्टरशियन साधूंनी भिंत घालून जपलेली क्लो द वूजो ही बाग जेमतेम 50 हेक्टरची. राज्यक्रांतीत ती मठाच्या हातून गेली आणि पुढे विक्री-वाटण्यांत तिचे तुकडे झाले. आज तिचे 80 च्या आसपास मालक आहेत. एका भिंतीच्या आत, एकाच जातीच्या द्राक्षाची, वरच्या उताराची वाइन वेगळी आणि खालच्या ओलसर पट्ट्याची वेगळी. हे वाचून ज्याला आपल्या गावातली वरची पट्टी आणि खालची पट्टी आठवेल, त्याला बर्गंडी निम्मी समजली.

शॅम्पेनला खडूची जमीन आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची युक्ती. ल्वार नदीच्या खोऱ्यातली शेनिन ब्लां आता नाशिकच्या वायनरीत सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तिथे ज्याला शिराझ म्हणतात ते रोन नदीच्या उत्तर भागातलं सिरा.

पण मला थांबायचं आहे ते रोनच्या दक्षिण भागात, दाजींच्या हातातल्या बाटलीच्या गावी.

शातोनफ-दु-पापच्या समोर, नदीपलीकडे रोकमोर नावाचं गाव आहे. पूर्वी तिथे नदीबंदर होतं. भलतीच वाइन इथल्या नावावर खपू नये म्हणून 1737 मध्ये राजाज्ञा निघाली: रोकमोरहून जाणाऱ्या पिंपांवर ‘सी.डी.आर.’, म्हणजे कोत दु रोन, ही अक्षरं डागायची.

त्याच रोकमोरमध्ये 1862 च्या सुमारास एका व्यापाऱ्याने अमेरिकेहून आलेल्या वेली आपल्या परसात लावल्या. वर्षभरात आसपासच्या बागा सुकू लागल्या. मेलेली वेल उपटली तर मुळांवर काहीच दिसेना. 1868 मध्ये माँपेल्येचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी जिवंत वेल उकरली, तेव्हा मुळांना चिकटलेले बारीक पिवळे किडे दिसले. मुळं मेली की किडे पुढच्या वेलीकडे सरकत होते. हा फिलोक्सेरा. त्याने पुढच्या काही दशकांत फ्रान्सच्या बहुतेक बागा खाल्ल्या. औषधं झाली, शेतात पाणी कोंडून झालं. अखेर तोडगा सापडला तो रोग जिथून आला तिथेच: अमेरिकन वेलीच्या मुळांना हा किडा मारत नाही, म्हणून खुंट अमेरिकन घ्यायचा आणि वर कलम फ्रेंच जातीचं करायचं. दाजींना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांची बाग डॉगरिज खुंटावर उभी आहे. आपल्याकडे असं कलम खारं पाणी आणि अवर्षण यांसाठी करतात, पण तो खुंटही अमेरिकेचाच.

किड्यापेक्षा खोल जखम त्यानंतरच्या वर्षांनी केली. माल नव्हता आणि मागणी होती, तेव्हा बाहेरून आणलेले बेदाणे भिजवून, साखर घालून वाइन होऊ लागली. नव्या बागा फळायला लागल्यावरही ती भेसळ थांबली नाही आणि भाव कोसळले. 1907 मध्ये माँपेल्येच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. नार्बोनला सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. 1911 मध्ये शॅम्पेनमध्ये बाहेरची द्राक्षं आणणाऱ्या व्यापाऱ्यांची तळघरं फोडली गेली. नावाची चोरी म्हणजे पोटावर पाय, हे तिथल्या शेतकऱ्याला असं कळलं.

शातोनफचे बागायतदार 1923 मध्ये बॅरन ल रॉय यांच्याकडे गेले. कायदा शिकलेला, महायुद्धात लढाऊ विमान चालवलेला हा माणूस लग्नानंतर सासुरवाडीची बाग पाहत होता. त्याच्या पुढाकाराने जे नियम झाले ते मी दाजींना वाचून दाखवले. लव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवतं अशाच कोरड्या जमिनीतली द्राक्षं घ्यायची. जाती ठरलेल्या, पुढे त्यांची यादी तेरांची झाली आणि त्यांत ग्रनाशचा मान मोठा. छाटणीची पद्धत ठरलेली. मद्यांश किमान 12.5 टक्के. तोडणीत निवड करून काही माल बाजूला काढायचाच. दहा वर्षं कोर्टात गेली. 1935 मध्ये देशभरासाठी कायदा झाला आणि 1936 मध्ये त्याखाली जी पहिली नावं नोंदली गेली, त्यांत शातोनफ-दु-पाप होतं.

यातला एकही नियम बाहेरच्या चोरासाठी नाही. सगळे स्वतःसाठी आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे. हापूसला 2018 मध्ये पाच जिल्ह्यांचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. यंदा एप्रिलमध्ये घेतलेल्या पेटीवर ‘देवगड’ छापलं होतं आणि आतला आंबा देवगडचा नव्हता, त्याचा रागही आहे. पण आपली मागणी नेहमी परक्या आंब्याला आवरण्याची असते. आपल्याच बागेतला आंबा किती पक्व झाल्यावर उतरवायचा, कोणता पेटीत जाऊच द्यायचा नाही, हे बागायतदारांनी एकत्र बसून स्वतःवर बंधन म्हणून लिहायला हवं. नाव टिकेल ते त्या कागदावर.

फ्रेंच बंधनं जाचतात, हेही खरं. उन्हाळे तापल्यामुळे ग्रनाशमध्ये साखर भराभर चढते आणि मद्यांश 15 टक्क्यांवर जातो. कितीतरी शेतकरी गावाचं नाव सोडून जातीच्या नावावर वाइन विकतात. बोर्दोने मात्र उष्णता सोसणाऱ्या सहा नव्या जातींना 2021 मध्ये वाट दिली, तीही बागेच्या 5 टक्के क्षेत्रापुरती. मला ही सावध चाल पटते.

शेवटचा नियम वाचला तेव्हा दाजींचा चमचा थांबला. शातोनफमध्ये हेक्टरी 35 हेक्टोलिटरपेक्षा जास्त वाइन काढता येत नाही. भाच्याने फोनवर हिशेब केला: एकरी दोन टनांच्या आत द्राक्षं. दाजींच्या बागेत खायच्या द्राक्षांचा माल एकरी दहा टन निघतो.

“दोन टन?” ते म्हणाले, आणि बाटली उजेडाकडे धरून काचेवरच्या किल्ल्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग भाच्याला म्हणाले, “भाव विचार. त्यांना किलोला काय सुटतं, ते विचार.”